नाण्यात शुद्ध सोनं-चांदी किती: आधी ग्रॅम काढा, भाव नंतर बघा

कुणाकडे जुनी सोन्या-चांदीची नाणी निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, याचे किती येतील? आणि लगेच मोबाइल काढून आजचा भाव बघायला सुरुवात होते. मला विचाराल तर भाव ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे, तो संध्याकाळपर्यंत बदललेला असतो. न बदलणारा आकडा एकच, त्या नाण्यात शुद्ध धातू किती ग्रॅम आहे तो. हा आकडा एकदा नीट काढायचा, नाण्याच्या पाकिटावर पेनने लिहून ठेवायचा, मग पुढे कधीही किंमत हवी असली की फक्त एक गुणाकार. लोक नेमकं उलटं करतात, रोज भाव बघतात आणि नाण्यात धातू किती आहे हे मात्र अंदाजपंचे धरतात.

हिशोब तसा शाळकरी आहे. नाण्याचं वजन गुणिले शुद्धता म्हणजे शुद्ध धातू. तो गुणिले भाव म्हणजे धातूची किंमत, इंग्रजीत हिला मेल्ट व्हॅल्यू म्हणतात, आपण मोडीची किंमत म्हणू. संपलं. पण या दोन गुणाकारांत एवढ्या जागी पाय घसरतो की मी मुद्दाम सविस्तर लिहितोय.

शुद्धता, म्हणजेच नाण्याचा कस, तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडेल. सोन्याला कॅरट, म्हणजे २४ पैकी किती भाग, २२ कॅरट म्हणजे २२ भागिले २४, ०.९१६७. चांदीला बहुतेक हजारात, ९२५ म्हणजे हजारातले ९२५ भाग चांदी आणि बाकीचं हीण, म्हणजे बहुतेक तांबं. आणि कुठे सरळ टक्के. तिन्ही एकच आहेत, दशांशात करून घ्या की झालं. नाण्यांमध्ये पुन्हा पुन्हा भेटणारे आकडे तसे मोजकेच आहेत, ९९९ आणि ९९९.९ (आजची गुंतवणुकीची नाणी), ९१६.७ (ब्रिटनचं सोन्याचं नाणं सॉव्हरिन, क्रुगररँड, जुना रुपया), ९०० (अमेरिका, फ्रान्स आणि एकोणिसाव्या शतकातली बरीच युरोपीय नाणी), ९२५ (जुनी ब्रिटिश चांदी), आणि मग ८३५, ८००, ५००, ४०० असे उतरत जाणारे. नाणं शुद्ध का नसतं तर शुद्ध सोनं-चांदी मऊ असते, हातोहात फिरणारं नाणं झिजून जाईल म्हणून तांबं घालतात. त्यामुळे सॉव्हरिन २४ कॅरटचं नाही म्हणून हिरमुसायचं कारण नाही, ते तसंच ठरवून केलेलं आहे.

आता औंस. जगात सोन्या-चांदीचा भाव औंसात सांगतात आणि हा औंस किराणा मालाचा औंस नाही, हा ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा. साधा औंस २८.३५ ग्रॅमचा. ऑनलाइन एखाद्या साध्या कन्व्हर्टरमध्ये औंस टाकलात तर तो बहुतेक २८.३५ धरून उत्तर देतो आणि तुमचा ग्रॅमचा भाव जवळपास दहा टक्क्यांनी फुगतो. दहा टक्के म्हणजे थोडंथोडकं नाही, नाणी विकताना सगळी घासाघीस होते ती याच्याहून कमी फरकावर. किचनमधला डिजिटल काटा असेल तर त्याच्यावरचं औंसाचं बटण दाबूच नका, ग्रॅम ठेवा. भाव औंसाचा असेल तर त्याला ३१.१०३५ ने भागा, ग्रॅमचा भाव आला, आता सगळं ग्रॅममध्ये. तोळ्यात विचार करणाऱ्यांसाठी, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा म्हणजे १८० ग्रेन, ट्रॉय औंसाचे बरोबर तीन अष्टमांश. पण बोलताना आता कितीतरी लोक दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तेव्हा समोरचा तोळा म्हणाला की कुठला तोळा हे विचारून घ्या.

दुसरी गफलत जास्त फसवी आहे. क्रुगररँड घ्या, दक्षिण आफ्रिकेचं १९६७ पासूनचं नाणं. त्याच्यावर एक औंस शुद्ध सोनं असं लिहिलेलं असतं आणि नाणं आहे २२ कॅरटचं. कुणी म्हणतं एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, त्यात २२ कॅरट, म्हणजे ३१.१ गुणिले ०.९१६७, साडेअठ्ठावीस ग्रॅम सोनं. चूक. हीण दोनदा वजा झालं. दुसरा काट्यावर ठेवतो, ३३.९३ ग्रॅम भरतं, आणि सगळ्याच वजनाला सोन्याचा भाव लावतो. तेही चूक, तांब्याला सोन्याचा भाव लागला. खरं काय तर ३३.९३ हे एकूण वजन, त्याला ०.९१६७ ने गुणलं की बरोबर ३१.१ येतात, म्हणजे एक औंस सोनं आणि वर पावणेतीन ग्रॅमच्या आसपास तांबं. अमेरिकेचं गोल्ड ईगल (१९८६ पासून) याच वजनाचं आणि याच कसाचं, फक्त त्यातल्या हिणात थोडी चांदीपण असते. कॅनडाचं मेपल लीफ मात्र ९९९.९ चं, ते काट्यावर ३१.१ च भरतं. तिन्हीत सोनं अगदी सारखं, आणि काट्यावर दोन वेगळे आकडे! म्हणून नाण्यावर लिहिलेलं वजन हे एकूण वजन की शुद्ध धातूचं वजन, हा प्रश्न प्रत्येक नाण्याला विचारायचा. मेक्सिकोचं ५० पेसोचं जुनं सोन्याचं नाणं मला यासाठी फार आवडतं, त्याच्यावर ३७.५ ग्रॅम शुद्ध सोनं असं सरळ लिहिलेलं आहे, नाणं ४१.६७ ग्रॅमचं, ९०० च्या कसाचं. कुणाला काही विचारायला नको.

बहुतेक जुन्या नाण्यांवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं. सॉव्हरिनवर ना वजन, ना कस, दर्शनी किंमतसुद्धा नाही, राजाराणीचा चेहरा आणि घोड्यावरचा सेंट जॉर्ज. पण कायद्यानं त्याचं वजन ठरलेलं आहे, ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरट, म्हणजे ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं. नाणी पाडणारी सरकारं याबाबतीत फार काटेकोर होती, कारण तेव्हा नाण्याची पत म्हणजे त्यातला धातू. त्यामुळे देश, किंमत आणि वर्ष कळलं की वजन आणि शुद्धता कॅटलॉगमध्ये किंवा ऑनलाइन मिळते. मग काटा कशाला? नाणं खरं आहे का आणि झिजलंय किती हे बघायला. शुद्धता कॅटलॉगमधून घ्यायची आणि वजन काट्यावरून. दोन्ही काट्यावरून कळत नाही आणि दोन्ही कॅटलॉगमधूनही नाही.

हे सगळ्यात छान दिसतं ते ब्रिटिशकाळातल्या रुपयात. पंचम जॉर्जचा १९१९ चा रुपया आणि सहाव्या जॉर्जचा १९४४ चा रुपया शेजारी शेजारी ठेवा. आकार तोच, साधारण साडेतीस मिलिमीटर. काट्यावर ठेवा, दोन्ही ११.६६ ग्रॅम, झीज सोडली तर पॉइंटानंतरचा आकडासुद्धा हलत नाही. रंग सारखाच, मळकट राखाडी. आणि १९१९ च्या रुपयात ९१६.७ च्या कसाची १०.६९ ग्रॅम चांदी आहे, १९४४ च्या रुपयात ५०० ची, म्हणजे ५.८३ ग्रॅम. जवळपास निम्मी! १९४० मध्ये युद्धाच्या ओढाताणीत चांदी कमी केली आणि वजन तेच ठेवलं. समजा चांदीचा भाव ग्रॅमला शंभर धरला, कुठल्याही चलनात धरा, तर एकाची किंमत १०६९ आणि दुसऱ्याची ५८३. पिशवीत शंभर रुपये असतील आणि कुणी सगळे एकाच कसाचे धरून हिशोब केला तर किती घोळ होईल बघा. १९४० पासूनच्या रुपयाच्या कडेला दातांच्या मधून एक खाच फिरवलेली दिसते, नकली नाणी रोखायला, जुन्याची कड सरळ दातेरी. पण मी कडेवर विसंबत नाही, साल वाचतो, भिंग घेऊन. आणि १९४७ च्या रुपयात तर चांदीच नाही, तो निव्वळ निकेलचा, लोहचुंबकाला टचकन चिकटतो. चांदीचं नाणं म्हणून जपलेल्या पुडक्यांत हा हमखास निघतो.

म्हणजे पहिलं काम, सालाप्रमाणे वाटणी. जवळपास प्रत्येक देशात अशी एक रेघ आहे जिच्या अलीकडे चांदी आणि पलीकडे चांदी कमी किंवा नाहीच. ब्रिटनमध्ये १९१९ पर्यंत ९२५, १९२० ते १९४६ पर्यंत ५००, आणि १९४७ पासून तांबं-निकेल. अमेरिकेत डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर (५० सेंट) १९६४ पर्यंत ९०० चे, १९६५ च्या कायद्यानं डाइम आणि क्वार्टरमधली चांदी गेली, हाफ डॉलरमध्ये मात्र १९७० पर्यंत ४०० ची राहिली. युद्धकाळातलं त्यांचं पाच सेंटचं नाणं, १९४२ ते ४५ चं, यात निकेलऐवजी ३५ टक्के चांदी घातलेली होती, मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर मोठं अक्षर दिसलं की ते चांदीवालं. १९४२ मध्ये दोन्ही प्रकार आहेत, म्हणून तिथे सालावर न जाता अक्षर बघायचं. ऑस्ट्रेलियानं १९६६ मध्ये ८०० च्या चांदीचं गोल ५० सेंट काढलं आणि चांदीचा भाव चढल्यावर नाण्यातला धातूच दर्शनी किमतीच्या वर गेला, लोकांनी ती बाजूला काढून ठेवली, ते नाणं त्या एका वर्षापुरतंच राहिलं. पुढे १९६९ मध्ये आलं ते बारा कोनांचं, तांबं-निकेलचं.

अमेरिकी सुट्या चांदीचा हिशोब मला फार सोयीचा वाटतो. डाइम २.५ ग्रॅम, क्वार्टर ६.२५, हाफ १२.५, म्हणजे एक डॉलर कसाही जमवा, दहा डाइम, चार क्वार्टर, दोन हाफ, एकूण वजन २५ ग्रॅमच आणि चांदी २२.५ ग्रॅम, ट्रॉय औंसात ०.७२३४. त्यामुळे मोठा ढीग असेल तर वजन न करता नुसती दर्शनी किंमत मोजली तरी चालतं. व्यापारी मात्र ०.७२३४ धरत नाहीत, झिजेचा विचार करून ०.७१५ धरतात. यात अख्खा चांदीचा डॉलर, मॉर्गन किंवा पीस नावानं ओळखला जाणारा, मिसळू नका हं, तो २६.७३ ग्रॅमचा आहे, त्यात २४ ग्रॅमच्या वर चांदी असते. फ्रान्समध्ये उलट आहे. तिथलं पाच फ्रँकचं नाणं २५ ग्रॅम, ९०० चं, पण एक आणि दोन फ्रँकची १८६६ पासूनची नाणी ८३५ ची. म्हणजे पाच फ्रँकचं एक नाणं आणि एक फ्रँकची पाच नाणी, वजन दोन्हीकडे २५ ग्रॅम, चांदी मात्र २२.५ आणि २०.९. चिल्लर कुणी आटवून विकू नये म्हणून मुद्दाम कस उतरवला होता. तेव्हा एका देशाचा शॉर्टकट दुसऱ्या देशाला लावायचा नाही.

आता नाणं खरं की खोटं आणि कस खरंच तेवढा का, यासाठी घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे आणि ती प्रत्येकानं शिकावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिच्यात ना आम्ल लागतं ना ओरखडा पडतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. नाणं कोरडं तोला, आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवा आणि काटा शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि काठाला टेकणार नाही असं हातानं धरून ठेवा. काटा आता जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागलं की घनता. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकला की चिकटत नाहीत.

शुद्ध सोन्याची घनता १९.३२, चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६. तांबं मिसळलेलं २२ कॅरट साडेसतराच्या आसपास येतं, ९१६.७ ची चांदी १०.३ च्या आसपास. वरच्या दोन रुपयांवर हे करून बघा, कोरडं वजन एकच होतं ना, पाण्यात मात्र १९१९ चा १.१३ दाखवेल आणि १९४४ चा १.२० च्या पुढे जाईल. जे काट्याला कोरडं असताना दिसत नव्हतं ते पाण्यात दिसलं. मला हे प्रत्येक वेळी बघायला आवडतं. छोट्या नाण्यात मात्र जपून, सॉव्हरिन पाण्यात जेमतेम ०.४५ किंवा ०.४६ दाखवतं, आणि ०.४५ धरलं तर घनता १७.७ येते, ०.४६ धरलं तर १७.३, म्हणजे काट्याच्या शेवटच्या एका आकड्यानं एवढा फरक. एकाच नाण्यावरून निकाल देऊ नका, एकसारखी चार-पाच नाणी असतील तर एकत्र बांधून बुडवा, चूक वाटली जाते. आणि टंगस्टन लक्षात ठेवा, त्याची घनता १९.२५, सोन्याला अगदी खेटून. आत टंगस्टन आणि वर सोनं अशी नकली नाणी होतात आणि ती घनतेत पास होऊ शकतात, म्हणून महागडं सोन्याचं नाणं असेल तर ही चाचणी पुरेशी नाही, जाणकाराकडून मशिनवर तपासून घ्या. व्यास आणि जाडी व्हर्नियरनं मोजायला विसरू नका, हलक्या धातूचं नकली नाणं वजनात बरोबर आणायचं तर ते जाड किंवा रुंद करावंच लागतं, तिथे सापडतं.

मशिनबद्दलही एक गोष्ट सांगतो. एक्सआरएफ मशिन, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं, हल्ली बऱ्याच डीलरकडे असतं, ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. कसोटीच्या दगडावर घासलं तरी तेच, वरचंच कळतं. अमेरिकेचा ४०० चांदीचा हाफ डॉलर बाहेरून ८० टक्के चांदीच्या थरांत मढवलेला आहे आणि आतला गाभा साधारण २१ टक्क्यांचा, मशिन लावलं की ते ऐंशी सांगणार. कमी कसाच्या नाण्यांत हे नेहमीचं आहे, पाडायच्या आधी चकत्या आम्लात धुतल्या की वरचं तांबं निघून जातं आणि नाणं असतं त्याहून पांढरं दिसतं. झिजलं की आतला पिवळसर रंग वर येतो. म्हणून मशिननं दाखवलेला आकडा आणि कॅटलॉगचा आकडा जुळत नसेल तर लगेच खोटं म्हणू नका आणि लगेच जास्त कस मिळाला म्हणून खूशही होऊ नका, घनता बघा. लोहचुंबक मात्र जरूर लावा, सोनं, चांदी, तांबं यातलं काहीच चिकटत नाही, चिकटलं म्हणजे विषय संपला. नाही चिकटलं तर अजून काहीच सिद्ध झालं नाही, तांबं-निकेलपण चिकटत नाही, शिसंपण नाही.

नावांना भुलू नका एवढं पटकन सांगून पुढे जातो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त. युरोच्या १०, २० आणि ५० सेंटच्या नाण्यांचा धातू नॉर्डिक गोल्ड, त्यात ८९ टक्के तांबं आणि सोनं शून्य. मुलामा दिलेली स्मारक नाणी चकचकीत डबीत येतात, सर्टिफिकेटवर मोठ्या अक्षरात सोनं असतं आणि मुलामा हा शब्द बारीक अक्षरात. त्यातलं सोनं काढायचा खर्च सोन्यापेक्षा जास्त.

झीज किती धरायची? सोन्याच्या नाण्यांत थोडी, कारण ती फारशी हातात फिरली नाहीत. सॉव्हरिनचं कायदेशीर किमान वजन ७.९३८ ग्रॅम होतं, त्याखाली गेलं की ते चलनातून बाद, म्हणजे जेमतेम ०.०५ ग्रॅमची सूट. त्यामुळे तुमचं सॉव्हरिन ७.८ भरलं तर काहीतरी गडबड आहे, कड घासलेली असेल किंवा नाणं खोटं असेल. चांदीच्या चिल्लरीत मात्र गुळगुळीत झालेल्या नाण्यात पाच टक्के किंवा त्याहून जास्त घट सहज दिसते, तिथे कॅटलॉगचं वजन धरून चालणार नाही, सगळा ढीग काट्यावर टाका आणि खऱ्या वजनाला कसानं गुणा. झिजेत हीण आणि चांदी बरोबरीनंच जाते, कस तोच राहतो, म्हणून हे चालतं.

हा सगळा हिशोब झाल्यावर जो आकडा येतो तो हातात पडणारा पैसा नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं. स्पॉटचा भाव, म्हणजे बाजारात त्या क्षणी चाललेला भाव, हा शुद्ध धातूच्या मोठ्या व्यवहारांचा. लंडनमध्ये दिवसातून दोनदा सोन्याचा आणि एकदा चांदीचा संदर्भ भाव ठरतो, बाकी दिवसभर बाजार हलतच असतो. डीलर विकत घेताना त्याच्याखाली घेतो, विकताना वर विकतो, त्याचं पोट त्या फरकावर असतं आणि त्यात गैर काही नाही. कमी कसाच्या चांदीला जास्त कापतात, कारण ती शुद्ध करायचा खर्च आहे, त्या ३५ टक्केवाल्या युद्धकाळातल्या नाण्यांना म्हणूनच चांदीच्या मानानं कमी मिळतात. उलट सॉव्हरिन, क्रुगररँड असली सगळ्यांना माहीत असलेली नाणी न आटवताच पुढे विकली जातात, त्यांना भावाच्या जवळ मिळायला हवं. एकच प्रश्न विचारायचा, शुद्ध धातूच्या भावाच्या किती टक्के देणार? नाण्याला इतके देतो, ढिगाला इतके देतो, हे ऐकून घ्या आणि आपल्या पाकिटावरचे ग्रॅम काढून टक्के स्वतः करा. दोन-तीन ठिकाणचे टक्के शेजारी ठेवले की कोण कसा आहे ते बोलायच्या आधीच कळतं. माझ्या मते जो माणूस वजन तुमच्यासमोर करत नाही आणि कस कुठला धरला ते सांगत नाही त्याला नाणी दाखवूसुद्धा नयेत.

आणि आटवायच्या आधी, कृपा करून, नाणं कुठलं आहे ते बघा. मोडीची किंमत ही तळाची किंमत आहे, नाणं त्याच्याखाली जायला नको, पण वर कितीही जाऊ शकतं. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया घ्या. त्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेऊन बहुतेक आटवली. धातू दुसऱ्या कुठल्याही रुपयाएवढाच, १०.६९ ग्रॅम, किंमत मात्र संग्राहकांच्या बाजारात कितीतरी वर. सॉव्हरिनमध्ये १९१७ चं साल बघितलं की घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, तारखेच्या वर, टाकसाळीचं बारीक अक्षर शोधा, पर्थचं पी, सिडनीचं एस, मेलबर्नचं एम, कॅनडाचं सी. यातलं अक्षर असेल तर बहुतेक साधंच नाणं, काहीच अक्षर नसेल तर ते लंडनचं, दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणूनच नकलीही फार, तेव्हा तपासून घ्यायचं.

किती नाणी पाडली होती हा आकडा बघून दुर्मिळ नाही असं ठरवू नका. १९१८ मध्ये अमेरिकेनं पिटमन कायद्याखाली सत्तावीस कोटींच्या वर चांदीचे डॉलर आटवले, त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली, भारतातला रुपयाचा तुटवडा भरून काढायला. म्हणजे वरच्या त्या १९१९ च्या रुपयातली चांदी आधी मॉर्गन डॉलर असू शकते! मग जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेली तेव्हा पुन्हा जगभर जुनी नाणी पोत्यांनी भट्टीत गेली. कुठल्या सालची किती गेली याची मोजदाद कुणी ठेवली नाही, टाकसाळीचे आकडे कागदावर तसेच राहिले. म्हणून मला नाणी आटवण्याबद्दल ऐकलं की जीव हळहळतो. धातू परत मिळतो, १८६२ चा रुपया परत पाडता येत नाही. शिवाय चालू चलनातली नाणी आटवण्यावर बऱ्याच देशांत कायद्यानं बंदी असते, तेही आधी बघून घ्या.

सगळ्याच सालांना अर्थ असतो असंही नाही. ऑस्ट्रियाच्या राणीच्या नावाच्या चांदीच्या नाण्यावर, मारिया थेरेसा थेलरवर, कायम १७८० असतं, ती राणी वारली ते साल, आणि नंतर दोनशे वर्षं वेगवेगळ्या टाकसाळींनी तेच साल घालून ती नाणी पाडली. बहुतेकांची किंमत धातूचीच, २८.०७ ग्रॅम, ८३३ चा कस, २३.४ ग्रॅम चांदी. ऑस्ट्रियाच्या १९१५ साल असलेल्या सोन्याच्या डुकाटचंही तेच, ३.४९ ग्रॅम, ९८६ चा कस, नंतर पाडलेली आणि सोन्याच्या भावानं विकली जाणारी.

नाणी घासू नका. चिंच, टूथपेस्ट, सोडा, पॉलिशचं फडकं, काहीच नको. मळलेल्या नाण्यात चांदी तेवढीच असते, घासून एक दाणाही वाढत नाही, आणि संग्राहक घासलेलं नाणं लांबूनच ओळखतो.

राहिली दागिन्यातली नाणी. पदकात बसवलेलं किंवा कडी डाखलेलं सॉव्हरिन असेल तर काट्यावरचं वजन नाण्याचं नाही, चौकट, कडी आणि डाख सगळं मिळून आहे, आणि चौकटीचा कस वेगळा असू शकतो, १८ किंवा १४ कॅरटपण. नुसतं चौकटीत अडकवलेलं असेल तर काढून वेगवेगळं तोला. डाखलेलं असेल तर नाण्याचे ७.३२ ग्रॅम धरा, एकूण वजनातून ७.९९ वजा करा, उरलेल्याला चौकटीवरच्या शिक्क्याचा कस लावा, शिक्का नसेल तर तेवढ्या भागाचा कस तपासून घ्या. डाखलेलं नाणं संग्राहकाच्या कामाचं राहत नाही, तिथे मात्र धातूचीच किंमत धरायची.